दुरुस्ती

गार्बट शवागारात आला की टोपी काढत नाही.
भिंतीला टेकतो, माझ्या हातांकडे बघत राहतो,
आणि मी तोंड उघडायच्या आत विचारतो,
"या घरातलं काय दुरुस्त केलंय त्यानं?"

मला कसं ठाऊक असणार?
मी मानेवरचा दोरीचा वळ वाचते,
नखांखालचं काही, पोटातला शेवटचा चहा.

पहिल्या घरात घड्याळ चालू झालं होतं,
अकरा वर्षं बंद पडलेलं.
दुसरीकडे कुरकुरत्या दाराला तेल.
आणि मिसेस ऑल्डरिजच्या कोटाला
जुळत्या रंगाचं बटण, गाठ आतल्या बाजूनं,
माझी आई घालायची तशी.

आठवडाभर ग्रिम्सबीच्या गोदीवर धुकं बसून आहे.
बर्फाचा कारखाना कधीचा बंद,
तरी भिंतीतून गारवा येतो, असं गार्बट म्हणतो.
हल्ली तो बरंच काही म्हणतो.
बायको लिंकनला निघून गेली.
शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.
जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक फोटो मांडतो,
तिसरीवर स्वतः बसतो
आणि साडेतीनला मला फोन लावतो.

आम्ही फारसं बोलत नाही.
दोन जागी माणसं, एवढंच.
मागे स्वयंपाकघरात त्याचा नळ ठिबकतो.
टप्. मी चार मोजते. टप्.
"वॉशर बदल की रे मेल्या," एकदा मराठीतच म्हणाले.
काय कळलं कोण जाणे, हसला.
वर्षभरात तेवढाच.

मोडकं घर बघवत नसेल त्या मारेकऱ्याला.
मोडकी माणसंही.

काल अहवालात लिहिलं: हात सराईत, घाई नाही.
खोडलं. शिंप्याबद्दलही हेच लिहिता आलं असतं.
पुन्हा तेच लिहिलं.

आज फोन तीन वीसला आला.
म्हणाला, झोप येतेय गं, किती महिन्यांनी,
घर कसं निवांत वाटतंय.

मी चार मोजले.
पाच.
सहा.
"लेन," मी म्हटलं, "बूट घालू नकोस, दिवा लावू नकोस,
बोलत राहा आणि पुढच्या दारानं रस्त्यावर ये."

"का?" तो म्हणाला, जांभई देत.
आणि त्याच्या मागे
खट्.
कुणीतरी किटलीचं बटण दाबलं.