सहाव्या आठवड्याचा फोन

हलमध्ये, कार्पेटच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही चौघी बसतो, कानांना हेडफोन लावून.
खाली कुणीतरी दिवसभर गालिचे उलगडत असतं.
वर आम्ही.

दुसऱ्या आठवड्यात एक फोन, सहाव्यात एक, बाराव्यात शेवटचा.
गोळी रोज घेता का. इंजेक्शननंतर रक्त किती गेलं.
दंडातली काडी हाताला लागते का.
कागदावर प्रश्न अकरा आहेत.
बारावा मी विचारते : जेवलात का?
मॉरीन म्हणते, हा यादीत नाही.
मी म्हणते, आमच्याकडे यादी इथूनच सुरू होते.

नावं सांगता येत नाहीत, तशी सही दिली आहे.
म्हणून बायकांना मी ओळखते आवाजावरून,
त्यांच्या नव्हे, त्यांच्या मागच्या.
ग्रिम्सबीच्या एकीमागे समुद्रपक्षी भांडतात.
रात्रपाळीच्या एकीमागे बसचं दार फुस्स करून मिटतं.
आणि एक नळवाली.

तिच्या अर्जावर भाषेपुढे लिहिलं होतं : इतर.
मी "नमस्कार" म्हटलं
तेव्हा बराच वेळ नुसतं पाणी वाहिलं.
मग, "तुम्ही कुठल्या?"
"मूर्तिजापूरची."
"अगंबाई! माझी मावशी दर्यापूरला."

दोन मुली. तिसऱ्याची वाट सासूबाई बघतायत,
पाळण्याची दोरीसुद्धा जपून ठेवलीय.
नवरा वाईट नाही हो, म्हणाली,
आईसमोर त्याचं तोंड शिवलेलं, एवढंच.
गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात.
आमच्या घरात उपास कुणी करत नाही.

मध्येच आवाज बदलला :
"हो हो, पार्सल शुक्रवारी चालेल."
"शुक्रवारी," मी म्हटलं, "नऊ ते बारा."
मॉरीनने मान वर करून बघितलं.

सहाव्या आठवड्यात नळ मोठा सोडलेला.
दोन दिवस राहून गेल्या, पाहुणे होते, डबा काढता आला नाही.
मी सांगितलं, शेवटची राहिलेली आत्ता घ्या,
पुढची नेहमीच्या वेळेला, सात दिवस जपा.
ती म्हणाली, "पाप तर नाही ना हे?"
कागद मी दोन्ही बाजूंनी बघितला.

मला तांबी बसवली एकोणनव्वद साली, अकोल्याला.
कार्डावर तारीख दिली आणि पाठवलं घरी.
महिनाभर अंगावरून जात राहिलं,
मला वाटलं, असंच असेल.
विचारणार कुणाला? गावात फोन एकच, पोस्टात,
आणि पोस्टमास्तर आमच्या ह्यांचे मामा.
हे सगळं मी तिला सांगितलं.
मॉरीनच्या घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली.
पाप नाही, असं म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

बाराव्या आठवड्यात फोन उचलला पुरुषाने.
मी ठेवणारच होते.
"पार्सलवाल्या ना?" तो म्हणाला. मराठीत.
मागे नळ नव्हता. टीव्ही होता, आणि एक म्हातारा खोकला.
"शुक्रवारी आईला घेऊन मी लीड्सच्या देवळात जातोय.
नऊ ते बारा ती घरी एकटीच आहे. तेव्हा करा."

मी "बरं" म्हटलं. पेन शोधलं.

तो अजून होता.
खोकला लांब गेल्यावर हळूच म्हणाला,
"साबुदाणा संपत आलाय.
मी जाऊन आणला तर देतात का?"