हे कुणाचं नाही

आधी जागा.
तंबूपासून तीस पावलं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
जिथून साबणाचं पाणी समुद्राकडे पळणार नाही.
झिक्रीतचा चुनखडीचा खडक वाऱ्यानेच पोखरलेला;
त्याच्या आडोशाला घडीचं टेबल,
त्यावर दुधाचा उपडा क्रेट,
क्रेटवर वीस लिटरचा निळा कॅन,
तोटी पुढे काढून बसलेला,
रुसलेल्या पोराच्या खालच्या ओठासारखी.

खाली बादली, उडू नये म्हणून तिच्यात एक गोटा.
साबणाची वडी शलाकाच्या जुन्या मोज्यात,
मोजा टेबलाच्या पायाला बांधलेला.
तीन टब: खरकट्याचा, फेसाचा, आणि शेवटचा
ज्यात ताट फक्त एकदा बुडतं.
मृण्मयीने कॅनवर मार्करने रेघा मारल्या,
शुक्रवार दुपार, शुक्रवार रात्र, शनिवार सकाळ.
तळाच्या रेघेखाली लिहिलं:
हे कुणाचं नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
मी व्हॉल्व्ह सांभाळतो, एकोणीस वर्षं.
तिथे पाणी म्हणजे पडद्यावरचा हिरवा आकडा.
तो लाल झाला तर मी धावतो.
ते हललेलं मी कधी पाहिलेलं नाही.

आणि इथे आठ रियालची तोटी गळायला लागली.
टप्.
मग इतका वेळ काहीच नाही, की वाटावं थांबली.
टप्.
"अहो व्हॉल्व्हवाले," शलाका म्हणाली,
तव्यावरची नजर न काढता.
टेफ्लॉन टेप घरी, कपाटात, डबीत, वर लेबलसुद्धा.
तन्वीर परकारने च्युइंगम चावून दिलं,
बिनॉयने पिशवी फाडून दिली,
मी तोटी पिळली, जरा जास्तच पिळली.
टप् टप्.
मृण्मयीने खाली वाटी धरून थेंब मोजले,
वहीत गुणाकार केला आणि म्हणाली,
"बाबा, शनिवार सकाळ गळून जाणार."

उन्हं कलताना उंटांमागून इद्रीस आला.
सुदानचा, कस्सालाकडचा.
माझी अरबी कारखान्यातली:
उघड, बंद कर, थांब, धोका.
तेवढ्यावर भागलं.
त्याने हात दाखवले, मी तोटी दाखवली.
त्याने ती सुतळीएवढी सोडली,
हात, तोंड, कोपरापर्यंत, मग पावलं,
आणि कॅनमधलं पाणी रेघेवरून जेमतेम हललं.
आम्ही दुपारी नुसत्या काकड्या धुवायला
बोटभर संपवलं होतं.

मग त्याला टप् ऐकू आलं.
कॅन उचलून त्याने पाठीवर आडवा केला,
तोटी काढली,
खांद्यावरच्या घोंगडीतून उंटाच्या लोकरीचा एक धागा उपसला,
थुंकीने ओला केला,
आट्यांवर गुंडाळला, पिळायच्या दिशेनेच,
आणि दोन बोटांनी आवळली.
बस.

इचलकरंजीत, माझ्या पहिल्या नोकरीत,
लगमण्णा मिस्त्री असाच तागाचा तंतू गुंडाळायचे.
म्हणायचे, पाण्याशी मारामारी करू नये लेका,
वाटेत थोडं काहीतरी ठेवावं, ते आपणच थांबतं.
मी हे साफ विसरलो होतो.
"बंद," मी म्हणालो. इद्रीस हसला. "बंद."
बुर्जी-पाव खाऊन गेला, ताट वाळूने घासून.

रात्री अकरा ताटं, एक करपलेली कढई.
दुखानकडच्या ज्योतीने आभाळाची कड तांबूस.
खरकटं फडक्यातून गाळलं, शितं पिशवीत,
राखाडी पाणी दूर नेऊन
बिनॉयने अर्धवर्तुळात फेकलं, पेरल्यासारखं.
वाळूने ते आवाजसुद्धा न करता घेतलं.
त्यानंतरची शांतता मला झोपू देईना;
दोनदा उठून तोटीखाली बोट लावून आलो.
कोरडं.

कॅन आता दोह्यात, सहाव्या मजल्यावर, सिंकशेजारी.
तळाच्या रेघेखाली पाणी आहे तसंच.
शलाका म्हणते, शेवाळ धरेल, ओता.
मृण्मयी म्हणते, कुणाचं म्हणून ओतणार?
आट्यांतून एक तपकिरी तंतू बाहेर आलाय.
कात्री हातात घेऊन
मी कोथिंबीरच कापतो.