निळी चिंधी

रेडिओवर सांगितलं, रात्री उणे चार.
यादविगा कुंपणापलीकडून ओरडली,
"काझिस, शेवंत्या आत घे!"
घेतल्या. सात कुंड्या.
पाच परवा दफनभूमीत जातील मेणबत्त्यांसोबत,
दोन उगाच.
ब्रोन्या म्हणाली असती, उगाच काही नसतं.

डेलिया मात्र कोण आत घेणार?
ते काल दुपारपर्यंत थाळ्याएवढे फुलून
नदीकडे तोंड करून उभे होते,
आणि सकाळी पाहतो तो
सगळे काळे, लिबलिबीत,
जास्त शिजलेल्या भाजीसारखे
आपल्याच काठ्यांना टेकून.

हिव पडलं की आठ दिवस थांबायचं,
घाई करणाऱ्याचे कंद कुजतात.
हे तिचं. माझं काही नाही यात.
चाळीस वर्षं मी फक्त ढकलगाडी ओढली,
खणायची ती.
"तुझा हात जड आहे."

आठ दिवस थांबलो.
मग देठ कापले, वीतभर ठेवून,
दाताळं लांबून घातलं,
झोपलेल्याच्या उशीखालून
काही काढावं तसं.
तरी पहिल्याच कंदाची मान मोडली.
डोळा मानेवर असतो,
मान गेली की उरतं ते नुसतं रताळं.
"सॉरी," म्हणालो मोठ्यानं.
यादविगाचं कुत्रं भुंकलं.

तिनं कधी नावं लिहिली नाहीत.
पेन्सिल पावसात जाते म्हणायची,
आणि नावं काय, लोकांनी दिलेली.
देठाच्या घोट्याशी चिंधी बांधायची, रंगाला रंग.
सगळा उन्हाळा त्या पानांआड असतात,
मी आजच पाहिल्या:
लाल, ती लेकीच्या शाळेच्या स्कर्टची,
पिवळी आमच्या जुन्या पडद्याची
(त्या पडद्यावरून आम्ही भांडलो होतो),
पांढऱ्या दोन, चादरीच्या.
जांभळी कुठली ते कळेना.
बराच वेळ हातात धरून बसलो, कळेना.

शेडमागचा शेवटचा गड्डा सगळ्यात मोठा,
माती सोडेना.
त्याला निळी चिंधी.
माझा शर्ट!
ट्रॅक्टर स्टेशनचा, कोपराला विरलेला,
मी तो वर्षभर शोधत होतो
आणि ती वर्षभर म्हणत होती, बघ, असेल कुठेतरी.

पण निळा डेलिया नसतो.
यादविगालाही विचारलं.
"जगात नाही," म्हणाली, हसली,
मग हसायची थांबली.
"बियाचं झाड असेल. रंग ठाऊक नसेल तिला,
हाताला आलं ते बांधलं असेल."
असेल.
मे महिन्यात तिनंच लावलं होतं,
ऑगस्टमध्ये ती गेली,
आणि याला कळ्या आल्या त्या इतक्या उशिरा
की एकही उघडली नाही.
हिवानं बंदच नेल्या.
एक फोडून पाहिली मी, नखानं.
आत तपकिरी.

कंद दोन दिवस पडवीत उलटे वाळवले,
देठातलं पाणी गळून जावं म्हणून.
मग भुसा, खोकी, तळघर,
बटाट्यांच्या पलीकडे, बीटच्या अलीकडे.
महिन्यातून एकदा हात घालून बघायचं:
सुरकुतला तर पाण्याचा शिपका,
कुजला तर सुरीनं तेवढाच भाग काढायचा,
बाकीच्याला सांगायचं नाही.
हेही तिचंच.
गुलाबांवर स्प्रूसच्या फांद्या घातल्या.
जिरेनियम स्वयंपाकघराच्या खिडकीत,
तिथं ते उन्हाळ्याचा हट्ट धरून
पायाखालची पानं गाळत राहतील.

परवा दफनभूमीत सगळे असतील,
सगळं गाव काचेच्या पेल्यांतून लुकलुकणारं.
मी पाच शेवंत्या ठेवीन.
शर्टाचं विचारणार नाही.
विचारलं तर ती म्हणेल, बघ,
असेल कुठेतरी.

मेपर्यंत सहा महिने.
फुलायला आणखी तीन.
मी अठ्ठ्याहत्तरचा.
तळघराचं दार लावून वर आलो,
मग आठवलं,
निळ्याचं खोकं भिंतीला लागून ठेवलंय,
भिंत गार असते.
पुन्हा खाली गेलो.