मागाहून

हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं.
लाल लागला की हात आवरायचा.
केगावला, विद्यापीठाच्या खोलीत,
डोक्यावर तारांची टोपी घालून
नरसय्या चिप्पा, चाळीस वर्षं जेकार्डवर,
लालला एकदाही चुकत नाहीत.
"धागा तुटला की हात थांबतो.
मला मागाहून कळतं."

दहा मिनिटांनी मी शब्द विचारते.
पाचातले दोन येतात : चिंच. कंदील.
मग बोटांवर मोजत, तेलुगूत,
ओकटी, रेंडु...
तिसरा सांगतात : यल्लव्वा.

यादीत नाही.
"कांड्या भरायची," म्हणतात,
"आत्ता इथंच होती."

'चूक' लिहिलेल्या रकान्यावर
माझी पेन्सिल टेकते,
उमटत नाही.

टोपीच्या तारा सावरत ते वाकून बघतात :
"थांबलात का, बाई?
लाल लागला?"