कोरा रकाना

मासळीच्या लिलावघरावरच्या खोलीत
आम्ही दोघी, एक हीटर, दोन भाषा.
इसाफ्योर्दुरचा सूर्य नोव्हेंबरअखेर डोंगराआड गेला
तो जानेवारी सरेतो दिसायचा नाही.
खाली वजनकाटा अजून सी बोलतो,
एक्क्याण्णव सालचा, तुटक, मोजकं:
आकडा म्हणजे सोळा बिट, चिन्हासकट, बस्स.
वर हाल्बेराचं नवं पायथॉन,
ज्याला कोणीही, कुठल्याही नावानं आलेलं चालतं.
माझं काम मधल्या उंबरठ्यावरचं.
इकडून एक मूल्य सोडायचं
आणि तिकडे जाऊन बघायचं, तेच पोचलं
की त्याचे कपडे घालून दुसरंच कोणी.

सात पाठवला, सात आला.
उणे सात, उणे सात.
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट किलो हेरिंग
सुखरूप.
त्यात एकच किलो वाढवला
आणि सगळी हेरिंग उणे झाली,
जणू समुद्र दारात उभा राहून
मागची उधारी मागतोय.
हसता हसता हाल्बेरानं कीबोर्डवर कॉफी सांडली.
एकोणिसावी चाचणी: लाल.

एक दशांश आणि दोन दशांश
मिळून तीन दशांश होत नाहीत,
सतराव्या घरात एक चार उरतो,
कोणाचा तरी विसरलेला हातचा.
तो आम्ही दोन घरांवर कापला. कोणी विचारलं नाही.

आमच्या लिपीत एक अक्षर आहे,
नावच त्याचं काटा.
थोर्गिल्स हे नाव त्यानंच सुरू होतं.
सीमेवर त्याचे दोन तुकडे व्हायचे,
दोन्ही परके, दोन्ही घशात अडकणारे.
तेही जुळवलं. मग नाव नीट उमटलं:
थोर्गिल्स, बोट क्रीआ.
(क्रीआ म्हणजे सुरय पक्षी,
दर हिवाळ्यात दक्षिण ध्रुवाकडे जाणारा,
दर मे महिन्यात परत येणारा.)

नावापुढे शून्य.
दुसऱ्या दिवशी शून्य.
सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीपासून रोज, रविवारीसुद्धा,
नऊ हजारांवर शून्यं, एकाखाली एक.
इतका वाईट कोळी असतो का कुठे,
मी हाल्बेराला म्हटलं.
ती नवी आहे इथे. मीही.

काट्यावरच्या योरुनला वर बोलावलं.
तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि बराच वेळ पडदा वर सरकवत राहिली,
शून्यं संपेनात.
मग म्हणाली,
शून्य मी लिहायचे तो हात हलवत यायचा तेव्हा.
जाळं रिकामं, हातमोजे चिंब, तोंडात शिवी,
माझ्याकडची गरम कॉफी निम्मी त्याचीच.
असलं शून्य मी तोलूनच लिहायचे.
हे माझं नाही.
माझ्या वहीत इथे काही नाही.

वही खरंच होती, तळघरात, मिठानं फुगलेली.
दहा फेब्रुवारी: शून्य, पेन्सिलीनं, गोल.
अकरा फेब्रुवारी: कोरं.
पुढं पान कोरं.

सीला कोरं म्हणता येत नाही.
तिच्या सोळा घरांत काहीतरी भरावंच लागतं,
म्हणून वही चढवताना कोणीतरी
जिथे काही नव्हतं तिथे काहीच नाही असं लिहिलं,
आणि मशीननं ते इमानानं
रोज पुढे नेलं.

आकड्याशेजारी मी एक बिट वाढवला.
तो एक असेल तर आकडा वाचू नये.
मग चाचणी लिहिली, आजवरची सर्वांत आखूड:
कोरं पाठवावं, कोरंच यावं.
पहिल्यांदा लाल. मीच स्वल्पविराम विसरले होते.
दुसऱ्यांदा हिरवी.

क्रीआचा रकाना वरून खाली पांढरा होत गेला
आणि दहा फेब्रुवारीच्या शून्यापाशी थांबला.
योरुननं त्यावर बोट ठेवलं, काचेवर,
म्हणाली, हे राहू दे. हा आला होता.

बंदराची एकूण बेरीज पुन्हा काढली.
एका किलोचाही फरक नाही.
एकोणिसावी अजून लाल आहे.