एकतीस नंबर

बुसानच्या योंगदो बेटावर, गेमिंग कॅफेत,
रात्री दोनला
एकतीस नंबरचा पडदा मधोमध फाटतो.
"मावशी, बघा ना," नूडल्स भुरकत तेओ म्हणतो.

ओकबुन कपाळावरचा चष्मा खाली ओढते.
केबल बदलून झाली. ड्रायव्हर दोनदा.
अडॅप्टिव्ह सिंक चालू आहे, तरी फाटतोच.
मग ती आपल्या मनाचा आकडा घालते: एकशे पन्नास हर्ट्झ.
पडदा काळा.

पंधरा सेकंदांत जुनं सगळं परत येतं,
तिला माहीत आहे.
तरी ती श्वास धरते,
लहानपणी खडकावर बसून धरायची तसा,
आई कालवांसाठी तळाला गेली की.
अकरा. बारा.
आई वर यायची, शीळ घालत श्वास सोडायची,
जाळी रिकामी असली तरी म्हणायची,
"शेवटचा श्वास खर्चायचा नसतो गं.
ते परतीचं भाडं."

उजेड.

ओकबुन एकशे चव्वेचाळीसवर मागे येते
आणि खेळाच्या फ्रेम्सना
एकशे अडतीसवर वेसण घालते.
फाट मिटते.

तेओ कुरकुरतो, "सहा कमी?"
"सहा शिल्लक," ती म्हणते,
आणि नूडल्सचे पैसे मागते.