डोंगल

भोसरी, सेक्टर दहा. रात्रीचे साडेनऊ.
तापकीरांच्या टूलरूममधला जुना पीसी गेला,
त्याचं सगळं मी सर्व्हरच्या पोटात बसवलं.
यंत्रात यंत्र, नुसतं मानलेलं.

सॉफ्टवेअर म्हणतं, परवाना दाखवा.
परवाना समोरच खोचलेला:
पेराएवढा, चिकटपट्टी गुंडाळलेला,
कधीच विकून टाकलेल्या लुनाच्या किल्लीसोबत ओवलेला.
बनवणारी कंपनीही आता नाही.

यजमान धरून बसलाय,
पाहुण्याच्या ताटात काही पडत नाही.
तीनदा काढला, फुंकला, घातला.
शेवटी यजमानाकडूनच सोडवून घेतला

तेव्हा कुठे हिरवा दिवा.

तापकीर उठले. सवयीने हात पुढे.
सतरा वर्षं रोज खिशातून घरी नेलाय.
"आता इथेच राहू दे, काका."

त्यांनी साखळीतून
लुनाची किल्ली तेवढी सोडवली.